हातचा

(एजिदिओ फुर्लान, त्रिएस्ते)

जादूगार गेला की त्याची कांडी मोडतात,
असं मंडळाच्या लोकांनी सांगितलं.
तुमच्याकडे कांडी होती कुठे?
शेवटी सेक्रेटरीने कॉफी ढवळायची काडी घेतली,
ती धड मोडेना, साल लोंबत राहिली,
आणि सगळ्यांच्या आधी ओरिएत्ता हसली,
काळ्या टोपीखाली, तुमची बायको.

तुमचा कोट एकच. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
"बाहीत काय लपणार?
लपतं ते समोरच्याच्या डोक्यात."
बंदरावरच्या गोदामात तीस वर्षं
कॉफीचे हिरवे दाणे निवडलेत,
किडका दाणा न बघताच बोटांना कळायचा.
संध्याकाळी तीच बोटं
खिडकीजवळच्या संगमरवरी टेबलावर
चाळीस पत्त्यांशी हलक्या आवाजात बोलत बसायची.

मी एकोणीस वर्षांची, कप विसळणारी.
माझ्या ओल्या तळव्यात तुम्ही एक दाणा ठेवलात.
"हा धरून ठेव. भांडी घासताना,
बसचं तिकीट काढताना, कुणाशी भांडताना.
ज्या दिवशी तो आहे हेच विसरशील
त्या दिवशी ये."
अकरा महिन्यांनी आले.
"दाणा कुठाय, निवेस?"
"कुठला दाणा?"
त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला कॉफी पाजलीत.

एकदा बोरा वारा सुटलेला,
रस्त्यात दोर बांधलेले, माणसं दोराला धरून चालत होती,
आणि एक मुलगा आईसोबत ढकलला जाऊन आत आला.
तुमचं नाणं त्याने पकडलं. बोट दाखवून ओरडला,
"त्या हातात आहे!"
सगळं कॅफे गप्प.
तुम्ही मूठ उघडलीत, नाणं त्याला दिलंत,
म्हणालात, "याला बघता येतं."
ते चुकून की मुद्दाम,
हे मी वीस वर्षं विचारायचं म्हणत राहिले.

मग डावा हात थरथरायला लागला.
डॉक्टरांनी नाव सांगितलं, तुम्ही मला हात दाखवलात:
"बघ, सगळे याच्याकडेच बघतात.
असलं आमिष मी जन्मभर शोधत होतो."
आणि खरंच, त्या हिवाळ्यात
उजव्या हाताने जे केलंत
ते मला अजून जमत नाही.

पण एका रात्री, दुकान बंद झाल्यावर,
पत्ते खाली सांडले होते
आणि तुम्ही गुडघ्यांवर बसून
एकेक उचलत होतात.
बदामांचा नाही, इथल्या पत्त्यांत बदाम नसतात,
पेल्यांचा राजा सापडेना.
मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले,
नळ सोडून दिला, कपांचा आवाज केला.
तुमच्याकडूनच शिकले होते,
कधी कुठे बघायचं नाही.

आणि मार्चमध्ये, मंगळवारी, दुपारच्या झोपेत
सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन गेलात.
उशाशी ओरिएत्ता होती, स्वेटर उसवत.
म्हणे, तिलाही कळलं नाही केव्हा.
अर्थात.

दफनभूमीत वाऱ्याने हारांच्या फिती उडत होत्या.
प्रत्येकाने मूठभर माती टाकली.
मी उजव्या हाताने टाकली, सावकाश,
तुम्ही शिकवलंत तशी, सगळ्यांना दिसेल अशी.
डाव्या मुठीत दाणा होता.
पाद्री त्याच हाताला हात देऊन गेला,
सेक्रेटरी गेला, तो मुलगाही गेला,
आता त्याला दाढी आहे, तो कर खात्यात आहे.
कुणालाही कळलं नाही.
या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात,
माझ्या या हाताला मात्र
सगळं कळत होतं.

कॅफेत परत येऊन मूठ उघडली.
दाण्याची मधली चीर तळव्यावर उमटली होती.
खिडकीजवळचं टेबल पुसलं,
रिकाम्या खुर्चीचा हिशेब मांडला,
वजा, वजा, वजा,
हातचा एक.

कप विसळणारा नवा पोरगा
माझ्या उजव्या हाताकडे टक लावून बघतोय.
बघू दे अजून थोडे दिवस.